आबांचा हॉर्न

प्रिय वर्षू,

फोन करायचा सोडून अनू पत्र कशाला लिहीत बसलीय, असं तुला वाटेल. पण फोनवर तुझ्या आबांचा विषय निघाला की तू "ते सोडून बोल" म्हणतेस आणि मीही सोडते. पत्रात तुला मला मध्येच तोडता येणार नाही.

आधी आपल्या कंपूची बातमी. पुण्याच्या एका संगीत मंडळानं आपल्याला बोलावलं होतं. युरोपातल्या जुन्या रचना, पाच फुंकवाद्यं, पूर्ण कार्यक्रम. इथं आपलं वाजवून संपल्यावर "आता गाणं कधी सुरू व्हायचं?" असं विचारणारे पावणे आठवतात ना? म्हणून पुण्याचं बोलावणं आलं तेव्हा शशिधरनं सगळ्यांना मिसळ खायला घातली. आबांनी मात्र नुसता पाव चहात बुडवून खाल्ला.

मंडळाच्या बाईंना निवेदनासाठी आमची माहिती हवी होती. कोण कुठे शिकलं, पोटापाण्याला काय करतं. ते काम माझ्या गळ्यात पडलं. विचारत गेले तशी आपण सगळे एकत्र आलो कसे, याचंच नवल वाटायला लागलं. शशिधर शिरोलीच्या फौंड्रीत. तिथल्या आवाजानं त्याचा डावा कान अधू झालाय, म्हणून ते उंच, लाकडी बासून घेऊन तो कायम उजवा कान आमच्याकडे करून बसतो. पंचाक्षरी अण्णा पन्हाळ्याच्या कचेरीत. त्यांचे वडील देवळात सनई वाजवायचे, त्यामुळे ओबो त्यांना परका वाटलाच नाही. तुझ्या जागी आलेला आदर्श घरच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत मोठा झाला. वरातीत चालत वाजवायची सवय, त्यामुळे खुर्चीत बसला की पहिल्या पहिल्यांदा त्याचे पायच चालायला लागायचे. आबा ओरडायचे, "आरं, नवरदेव कवाच गेला की म्होरं, तू बस आता!" आणि बासरीवाली मी, दिवसभर लोकांचे दात बघणारी.

राहिले आबा, आपला पितळी हॉर्न वाजवणारे. त्यांना विचारलं तर म्हणाले, "फौजेच्या बँडात हुतो, एवढं लिही. आनि लिही, पोरीला क्लॅरिनेट शिकवलं. माझ्यापरास चांगली वाजवत हुती."

माझा हात तिथंच थांबला. तू क्लॅरिनेट विकून नागपूरची नोकरी धरलीस त्या दिवशी ते तुला काय काय बोलले, ते मी दारात उभी राहून ऐकलंय. तुझा राग मला कधीच चुकीचा वाटला नाही, आजही वाटत नाही. पण हेही मीच ऐकलं, म्हणून सांगितलं.

दिवाळीनंतर तालमीत त्यांचा सूर फाटायला लागला. कधी न चुकणारा माणूस, आणि लांब सूर धरला की ओठांच्या कोपऱ्यातून फुस्स करून हवा जायची. बाकीच्यांना वाटलं, वय झालं. मला मात्र दिसत होतं की वाजवणं थांबलं की ते रुमालानं खालचा ओठ टिपतात आणि रुमालाची ती बाजू आत दुमडून टाकतात. तांबड्या रश्श्याशिवाय ज्यांचं जेवण होत नसे, त्यांनी तिखट सोडलं होतं. एका संध्याकाळी मी त्यांना जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं. ओठ उलटा करून पाहिला. फौजेत असल्यापासून जिथं तंबाखूचा बार धरायचे, तिथं पांढरा चट्टा होता आणि मधोमध न भरणारी जखम. असे ओठ मी याआधीही पाहिलेत, वर्षू. पण त्या दिवशी मी आरसा पुसून पुन्हा पाहिलं.

तुकडा तपासायला पाठवला. कॅन्सर आहे.

लवकर सापडलाय. लगेच ऑपरेशन केलं तर ते बरे होण्याची चांगली आशा आहे, असं सर्जन म्हणतात. पण खालच्या ओठाचा मोठा भाग काढावा लागेल. हे मी आबांना समजावून सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "मग हॉर्न?" मला खोटं बोलता आलं नाही. नाही वाजवता येणार, मी म्हणाले. "मग ऱ्हाऊ दे," म्हणून त्यांनी चपला घातल्या. पुण्याचा कार्यक्रम तेवढा वाजवतो, मग बघू, हा त्यांचा हट्ट. सर्जन थांबायला तयार नाहीत, आणि आबा ऐकायला.

शेवटी मी बाकीच्या तिघांना बसवून सगळं सांगितलं. पुण्यासाठी ऐन लग्नसराईत घरच्यांशी भांडलेला आदर्शच पहिल्यांदा बोलला, "न्हाय जायाचं." मी मंडळाला नकार कळवला. आबांना ते समजलं आणि त्यांनी तालमीला येणं बंद केलं. मी घरी गेले तर ते दारातच उभे राहिले. "डॉक्टरीन हाईस तू. घरातली न्हाईस." दार लावून घेतलं. मी जिन्यात बसून रडले, पण त्यांचं बोलणं खोटं नव्हतं.

घरातली तू आहेस. म्हणून हे पत्र. चोरून लिहायचं नव्हतं, त्यांच्या दुखण्याची गोष्ट त्यांच्या पाठीमागं सांगायची नव्हती. काल मी पुन्हा गेले आणि दाराबाहेरूनच म्हणाले, "काका, मी वर्षूला कळवणार आहे. नको असेल तर आत्ताच सांगा." मी वळले तेवढ्यात दार उघडलं. "जुन्या पत्त्यावर धाडू नगंस. घर बदललंय तिनं," म्हणाले, आणि तुझा नवा पत्ता सांगितला. इमारतीचं नाव, मजला, पिनकोडसकट, एकदाही न अडखळता. तो पत्ता तू मलाही दिला नव्हतास. त्यांना कुठून मिळाला, हे मी विचारलं नाही. ऑपरेशनला ते अजून हो म्हणालेले नाहीत. पण दार त्यांनी उघडंच ठेवलंय. ये, वर्षू. भांडायचं असलं तरी ये.

स्टँडवर न्यायला येणारी,
तुझीच अनू