दादाची शाळा की बबडीची

२ मार्च, रविवार

सगळ्यात आधी टपकली ती समोरची मास्तरीण. तिला कुठून वास लागतो कोण जाणे. खाली दादाची गाडी थांबली नाही तोच ही दारात हजर, "चिरंजीव आलेत वाटतं" म्हणत. आणि बसली खुर्चीत पाय वर घेऊन. आता ही उठेपर्यंत मायलेकरांचं खासगी बोलणं बंद. मला चालतं. आलेल्या माणसाला मी कधी घालवत नाही.

दादा म्हणजे माझा मुलगा. चष्म्याचं दुकान आहे त्याचं. महिन्यातून एकदा फोन करायचा, बरी आहेस ना विचारायचा, बरी आहे म्हटलं की ठेवून द्यायचा. आणि आता दर रविवारी दारात! हे सगळं माझ्या एका वाक्यामुळे झालं. फोनवर बोलायला काही सुचेना, समोर टीव्हीवर गाड्यांची शर्यत चालली होती. म्हटलं, हातपाय धड आहेत तोवर एकदा अशी सुसाट गाडी हाणायला मिळाली पाहिजे रे. बोलायचं म्हणून बोलले. नंतर बबडीचा फोन आला, तिलाही तेच सांगितलं. तिच्याशीही दुसरं काही बोलायला नव्हतं.

तर दोघांनीही मनावर घेतलंय. अशा शाळाच असतात म्हणे. माणसं सुट्टीला समुद्रावर जातात तशी तिथे जायचं, दोन-तीन दिवस राहायचं आणि गाडी जोरात चालवायला शिकायची. लायसन्स माझं चालू आहे. दादाने एक शाळा शोधलीय. चकचकीत पुस्तिका आणली होती — लाल गाड्या, जमिनीला चिकटलेल्या, आणि शिकवणारा हातात कप घेऊन उभा. चहाचा नव्हे, जिंकलेला.

मास्तरणीने पुस्तिका डोळ्यांजवळ नेऊन बघितली. म्हणाली, "या गाडीत बसायचं असतं की ती अंगात घालायची असते?"

दादा हसला नाही. पुढच्या रविवारी येतो म्हणाला.

५ मार्च, बुधवार

आज बबडी. माझी लेक. पन्नाशीला आली, रक्त तपासायच्या लॅबमध्ये दिवसभर लोकांना सुया टोचते, पण घरात बबडीच. बुधवारी तिला सुट्टी असते.

तिची शाळा निराळी. जुना विमानतळ आहे, आता तिथे विमानं उतरत नाहीत, तिथे भरते. तिने मोबाईलवर फोटो दाखवले. साध्या पांढऱ्या गाड्या, आणि एक केस कापलेली बाई टँकरने जमिनीवर पाणी सोडतेय. मुद्दाम ओलं करतात आणि गाडी घसरवायला लावतात! म्हटलं, घसरायला माझं बाथरूम आहे की, एवढं लांब कशाला जायचं. बबडी म्हणाली, आई, घसरल्यावर सावरायला शिकवतात.

दादाची पुस्तिका टेबलावरच होती. तिने ती उलटी करून ठेवली.

पाच वर्षं झाली दोघं बोलत नाहीत त्याला. ह्यांची लॉन्ड्री होती, तिची एक व्हॅन होती. ती मीच चालवायची, ह्यांना लांबचं दिसायचं नाही. मागे दांडीला इस्त्रीचे कपडे टांगलेले, म्हणून जोरात ब्रेक नाही, जोरात वळण नाही. एक शर्ट जरी खाली पडला तरी हे दुकानातून माझ्याकडे असं बघायचे, की मी शर्टच नव्हे, शर्टातला माणूस पाडलाय. हे गेले, व्हॅन दादाच्या घराखाली उभी असायची, ती त्याने एका दुपारी विकून टाकली. बबडीला त्यात एकदा बसायचं होतं, शेवटचं. ती आली तेव्हा खाली नुसता तेलाचा डाग. तेव्हापासून एकमेकांना 'तो' आणि 'ती'.

म्हणून येतात ते वेगवेगळे. आणि इथे फक्त मीच वाचणार आहे म्हणून लिहिते — मला ते सोयीचं आहे. गुण्यागोविंदाने असते तर एकत्र आले असते आणि एका फेरीत आटोपलं असतं.

९ मार्च, रविवार

दादाला विचारलं, तिथे संडास किती लांब. त्याला माहीत नव्हतं. पुढच्या रविवारी विचारून येतो म्हणाला.

१२ मार्च, बुधवार

बबडीला विचारलं, हेल्मेट कोणाकोणाच्या डोक्यावरचं घालायचं, धुतात का ते. तिचं तोंड बघण्यासारखं झालं. लॅबमधली आहे, तिला हे आधी सुचायला हवं होतं. विचारून येते म्हणाली.

१६ मार्च, रविवार

मला युक्ती सापडलीय. एक प्रश्न म्हणजे एक फेरी.

शाळा ठरली की हे बंद. तीन दिवस जाऊन येऊ, फोटो काढू, मग पुन्हा फोन आणि बरी आहेस ना. म्हणून मी ठरवतच नाहीये. दादाला म्हणते, बबडीच्या शाळेत एका मास्तरमागे दोनच जण असतात म्हणे. मग तो आपल्या शाळेत किती ते विचारायला जातो. बबडीला म्हणते, दादाच्या शाळेत शेजारी बसलेल्या मास्तरच्या पायाखालीही ब्रेक असतो म्हणे. मग ती आपल्या शाळेतला ब्रेक शोधायला जाते. दोघं येतात, खुर्ची पुढे ओढतात, मला समजावतात. लहानपणी मी त्यांना पाढे समजावताना अशीच बसायची. पाढे मला तेरापर्यंतच येत होते, पण बसायची.

आज दादा गेल्यावर मास्तरीण म्हणाली, "तुम्ही शाळा निवडताय की लेकरांना शाळेत घातलंय?"

मी तिला आणखी एक बिस्कीट दिलं. खाताना ती गप्प असते.

२३ मार्च, रविवार

दादा वैतागला. आज मी विचारलं होतं की तिथे झोप लागली तर काय करायचं. म्हणाला, आई, तुला जायचं नसेल तर तसं सांग, मी नाद सोडतो.

मी घाईने म्हटलं, जायचंय रे, जायचंय.

२६ मार्च, बुधवार

आज काय झालं ते नीट लिहिते.

बबडी स्वयंपाकघरात बसली होती. तीही तेच म्हणाली — आई, आता ठरव, नाहीतर राहू दे. आणि तेवढ्यात बेल. दारात दादा! बुधवारी! दुकान बंद ठेवून आला होता, शेवटचं विचारायला. तो बाहेरच्या खोलीत बसला. ती आतच राहिली. माझं घर केवढं, इकडे शिंकलं तर तिकडून पाणी आणून देतील. तरी दोघं माझ्यामार्फत बोलत होते.

दादा म्हणाला, तिला सांग, ओल्या जमिनीवर या वयात कोणी नेत नाही. मी आत गेले. बबडी म्हणाली, ऐकलं मी, त्याला सांग, त्याच्या लाल गाडीतून आईला बाहेर काढायला क्रेन लागेल. मी बाहेर आले. दादा म्हणाला, ऐकलं.

चार-पाच खेपा झाल्या. गुडघे बोलायला लागले. मग मी मधल्या दारात उभी राहिले, म्हणजे दोघांनाही अर्धी-अर्धी दिसेन, आणि म्हटलं, "शाळा बबडीची. गाडी दादाची. तो नेणार, ती बरोबर येणार. नाहीतर मी घरात बसते आणि तुम्हीही आपापल्या घरी बसा."

मग आतून आणि बाहेरून एकदमच — "बरं."

ठरलं. माझ्याच तोंडाने मी फेऱ्या बंद केल्या. एरवी चालू तरी कुठे राहणार होत्या.

४ एप्रिल, शुक्रवार

पोचलो. दादा चालवत होता, मी शेजारी, बबडी मागे. वाटेत फक्त गाडीतली नकाशेवाली बाई बोलली. डावीकडे वळा म्हणाली की तेवढाच आवाज.

राहायच्या खोल्या बऱ्या आहेत. संडास खोलीतच आहे. हेल्मेट धुतात. शिकवणाऱ्याच्या पायाखाली ब्रेक मात्र नाही.

शिकणारे आम्ही सहा जण. बाकीचे पाच तरणे पोरगे. त्यांना वाटलं मी कोणाला तरी सोडायला आलेय. केस कापलेली बाई शिकवते. आवाज मवाळ, पण मवाळ बोलूनच ती त्या पाच जणांना रांगेत उभं करते. मला म्हणाली, "आजी, आधी काय चालवायचात?" म्हटलं, शर्ट.

५ एप्रिल, शनिवार

आज ब्रेक. गाडी जोरात न्यायची, जमिनीवर उभी केलेली प्लॅस्टिकची नारिंगी टोपी आली की सगळा जोर लावून ब्रेक दाबायचा. जोरात न्यायला मला काही वाटलं नाही. खरं तर फार मजा आली, पोटातून हसू येत होतं. पण ब्रेकवर पाय ठेवला की पाय आपोआप हळू होतो. पोरं टोपीपाशी थांबायची. मी टोपी ओलांडून, पुढे तात्पुरतं ऑफिस आहे त्याच्या पायरीशी जाऊन थांबायची. तीनदा तसंच झालं. तिसऱ्या वेळी ऑफिसातल्या माणसाने आपली खुर्ची आत घेतली.

बाई म्हणाल्या, "आजी, मागे कोणी नाहीये."

मला माहीत आहे. पायाला माहीत नाही.

रात्री जेवायला तिघं एका टेबलावर. मीठ माझ्या हातून इकडून तिकडे.

६ एप्रिल, रविवार

आज घरच्यांना कुंपणामागून बघायला उभं राहू देतात. दादा एका टोकाला, बबडी दुसऱ्या. मध्ये एक बस मावली असती.

ओल्या जमिनीवर टोप्यांमधून डावी-उजवी वळणं घेत जायचं होतं. बाई शेजारी. त्या निघतानाच म्हणाल्या, आजी, आपण जिकडे बघतो तिकडे गाडी जाते, तेव्हा जायचंय तिकडेच बघा. सोपं आहे. पहिली फेरी झकास गेली.

दुसऱ्या फेरीत मी सहज कुंपणाकडे बघितलं. म्हटलं बघावं, जरा तरी जवळ सरकलीत का दोघं. दादाकडे नजर गेली. गाडी निघाली दादाकडे. बाई म्हणाल्या, "आजी, टोपीकडे." दादाने क्षणभर वाट बघितली, मग पळाला — आणि पळाला तो बबडीच्या बाजूला. मी बघतच होते त्याच्याकडे, तेव्हा गाडीही त्याच्यामागे. तिथे टायरांची एक चळत होती. त्याने बबडीचा दंड धरून तिला त्या चळतीमागे ओढलं.

पाच वर्षांनी दोघं एका जागी. एकाच टायरामागून दोन डोकी. मला तिथून नजर हलवताच येईना.

बाई आता मवाळ नव्हत्या. "ब्रेक!"

आणि मी दाबला. दोन्ही पायांनी, कमरेतून, दात खाऊन. पायाखाली ब्रेक थरथरला, पट्ट्याने छातीत धरलं, सगळीकडे पाणी उडालं. गाडी कुंपणाच्या आधी उभी राहिली. मागे काही पडल्याचा आवाज आला नाही. मी ऐकत होते.

बाईंनी आधी हँडब्रेक ओढला. मग म्हणाल्या, ब्रेक उत्तम होता. बघायचं मात्र शिकायला हवं, ते पुढच्या वर्गात.

काच खाली केली तेव्हा बबडी बोलत होती. पाच वर्षांतलं त्याच्याशी पहिलं वाक्य. "दादा, तू माझ्या पायावर उभा आहेस."

तो म्हणाला, "सॉरी." आणि तरी बराच वेळ तिथेच उभा होता.

परतताना बबडी पुढे बसली, कारण भांडण अर्धवट राहिलं होतं — कोण आधी पळालं, कोणी कोणाला ओढलं. त्यावरून व्हॅनवर आले. दादा म्हणाला, बाबांचा वास येत होता गं तिला, रोज खाली उतरलो की यायचा, मला दुकानात जाता येईना, म्हणून विकली. बबडी म्हणाली, मला तोच हवा होता, गाढवा. मग दोघं रडली. दादाने गाडी बाजूला घेऊन रडण्याइतकी अक्कल दाखवली.

मी मागे. घरापर्यंत माझ्याशी कोणी एक शब्द बोललं नाही. मी दोघांच्या मधून समोर रस्त्याकडे बघत होते, म्हणजे गाडी सरळ जाईल. फार बरं वाटलं.

९ एप्रिल, बुधवार

बबडी आली नाही. फोन आला, दादाच्या दुकानात चष्म्याचा नंबर काढायला गेली होती.

१३ एप्रिल, रविवार

दादा आला नाही. बबडीकडे जेवायला गेला, सूनबाईंनाही घेऊन.

मास्तरीण येऊन बसली. म्हणाली, झालं ना मनासारखं. म्हटलं, हो. खरंच झालं. दोन खुर्च्या मात्र मी पुढे ओढून ठेवल्या होत्या सवयीने, त्या परत भिंतीला लावल्या. एकीवर मास्तरीण बसलेली होती, तिला उठवून.

ती गेल्यावर केस कापलेल्या बाईंना फोन केला.

१६ एप्रिल, बुधवार

दोघांचा एकाच मोबाईलवरून फोन. आता आम्ही बरोबरच येत जाणार, दर रविवारी, जेवायलाच थांबणार, तू काही करू नकोस. मी म्हटलं, रविवारी मी घरी नसते. माझा पुढचा वर्ग सुरू होतोय, सकाळच्या बसने जातेय, मास्तरीण बरोबर आहे, तिला मी कुंपणापासून लांब बसवणार आहे. पलीकडे बराच वेळ दोघं आपापसात कुजबुजली. मग शनिवारी येतो म्हणाले.