पायथ्याशी थांबलेलं छत

आई, छताचे टिन अजून पहाडाच्या पायथ्याशी गोदामातच पडून आहेत. तिथल्या चर्चच्या पाळकांनी आज सकाळी फोनवर सांगितलं. गावाकडे जाणारा रस्ता बर्फानं बंद झालाय आणि आता उन्हाळ्याआधी उघडणार नाही. तुला यातलं काहीच ठाऊक नाही, म्हणून आधीपासून सांगतो. यंदा उत्तरेकडच्या पहाडात भूकंप झाला. सदरच्या चर्चमधल्या आपल्या मंडळीनं तिथलं एक घर अंगावर घेतलं, शाळेत स्वयंपाक करणाऱ्या एका बाईचं. तिला दोन मुलं आहेत आणि वडील अंथरुणाला खिळलेले. भिंती गावकऱ्यांनी पुन्हा रचल्या. छत आपण द्यायचं होतं.

उपकारस्तुतीच्या सणाला लोकांनी आणलेल्या धान्य-भाज्यांचा लिलाव अजून तसाच होतो. कोहळं विकत घेणारा ते परत टेबलावर ठेवतो आणि ते पुन्हा विकलं जातं. मंडळी आता थोडी उरली आहे, बहुतेक म्हातारी, तरी यंदा छतापुरतं दान जमलं. मग कमिटी बसली. हिंगण्याच्या कंपनीत हिशेब बघणारी एक मुलगी आता आपली खजिनदार आहे. ती म्हणाली, "काकाजी, पैसे खात्यात टाकून देऊ ना. तिकडच्या बाजारात टिन मिळून राहिले, पाळकांनी स्वतः सांगितलं." तुझ्या वेळचे खजिनदार काकाही बसले होते. त्यांना आता नीट ऐकू येत नाही, पण हे ऐकू आलं. ते माझ्याकडे वळले. "वहिनी असत्या तर पैसे पाठवले असते का गा?"

आणि मला तेव्हाची तू दिसलीस. तू स्वयंपाकघरात तांदूळ पाखडते आहेस. मराठवाड्यातल्या भूकंपाला थोडेच दिवस झालेत. हेच काका, तेव्हा धडधाकट, दाराशी स्टुलावर बसून चहा पिताहेत. सणाला आलेले तांदूळ बाजारात बदलून त्यांची ज्वारी घ्यायची आणि ती ट्रकनं पाठवायची, असं तू ठरवलं आहेस. काका वैतागले आहेत. "वहिनी, काहून एवढी उठाठेव करून राहिल्या? मनिऑर्डर करू, मोकळे होऊ."

"पैशाची भाकर थापता येते का, भाऊजी? बाजारच पडला तिथं. पैसे घेऊन जातील कुठं ते?"

"मग तांदूळच पाठवा. बदलता कशाले?"

"त्यांले भाकर लागते. तुमाले दुखण्यात कोणी इडली आणून दिली तर चालंल का?"

"फुकटची असंल तर चालंल," काका म्हणतात, आणि तू हसत सूप त्यांच्या हातात देतेस. ते बिचारे पाखडू लागतात.

ज्वारी पोहोचली. लोकांनी ती खाल्ली. त्या वर्षापासून आपल्या मंडळीत नियमच झाला की दान वस्तूनं जावं, आपण हातानं निवडलेल्या वस्तूनं. तू गेल्यावर तर तो आणखी घट्ट झाला. म्हणून लकडगंजच्या बाजारातून टिन घेतले, चांगले जाड, काका स्वतः बोटांनी वाजवून बघत होते. ट्रकवर चढवताना सगळ्यांनी प्रार्थना केली. ट्रक पायथ्याशी पोहोचला तेव्हा वर बर्फ पडायला लागलं होतं. पैसे कमिटी बसली त्याच दिवशी गेले असते आणि छत दिवाळीआधी चढलं असतं. तिथं बाजार उभा होता, आई. हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. त्या मुलीला सुचलं होतं.

मी पाळकांना विचारलं, त्या घरच्यांचा तंबूत हिवाळा निघेल का. "बच्चे निकाल लेंगे, भाईसाहब," ते म्हणाले. म्हाताऱ्याचं त्यांनी काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. ती बाई आधी दर आठवड्याला छताची चौकशी करायची. आता करत नाही.

काकांच्या प्रश्नाला मी "नसते पाठवले" असं उत्तर दिलं होतं. ते खरं आहे असं तेव्हा वाटलं होतं, अजूनही वाटतं, आणि आज पहिल्यांदा मला तुझा राग आला. रविवारी उपासनेनंतर हे सगळं मंडळीला सांगण्यात येईल. बहुधा कोणी रागावणार नाही. कोणी तरी उठून म्हणेल की वहिनींनी शिकवलं तसं आपण केलं, पुढचं देवाच्या हाती. मी पहिल्या बाकावर असेन, आणि मान डोलवेन.