न पाहिलेला डोह

रविवार, संध्याकाळ

कसबा पेठेत इक्बालच्या घरी जाऊन आलो. ऑफिसात तो माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. कुठलं पुस्तक वाचू, मुलीला कुठला खेळ शिकवू, सुट्टीत कुठे जाऊ, सगळं मलाच विचारायचा. माझ्या सांगण्यावरून त्याने मुलीला बुद्धिबळ शिकवलं. मागच्या आठवड्यात मी म्हटलं, वारज्याच्या बरंच पुढे, डोंगराआड एक डोह आहे. निवांत जागा, पाणी गुडघाभर.

शुक्रवारी तो तिथेच बुडाला. पोहता येत नव्हतं त्याला.

गुडघाभर. हा शब्द मी कुठून काढला?

त्याच्या बायकोने, शबानाने, चहा आणला. "वहिनी, आज चहा कशाला," म्हटलं, तरी समोर ठेवला. मग म्हणाली, "भाऊ, मी म्हटलं होतं त्यांना, नवीन जागा आहे, जपून. तर म्हणाले, भाऊंनी सांगितलंय म्हणजे बघायला नको."

मी कप उचलून एक घोट घेतला.

"तुम्ही गेला होतात ना तिथे?"

"हो," मी म्हणालो. "दोनदा."

मी त्या डोहावर कधीच गेलेलो नाही. बसमध्ये पुढच्या सीटवरचे दोघं बोलत होते, तेवढंच ऐकलेलं. गुडघाभर तर तेही म्हणाले नव्हते. इक्बालने विचारलं आणि मला 'माहीत नाही' असं म्हणवेना.

"तेव्हा पाणी कमी असेल," शबाना म्हणाली. "तुमचा काय दोष? मनाला लावून घेऊ नका."

ती मला धीर देत राहिली, आणि मी तो घेत राहिलो.