झेंडूच्या पाटीतली रिंग

चौफुला,
१२ मे २००४

प्रिय ज्ञानू,

सावळारामभावजींचा टेंपो उद्या तुझ्याकडे शिक्रापूरला येतोय, म्हणून घाईघाईनं लिहायला बसले. सातवीनंतर एवढं लांबलचक कधी लिहिलं नाही, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ काढत बसू नकोस. फोनवर तू म्हणतेस ‘बरी आहे’, मी म्हणते ‘आम्ही पण बरे’, आणि बूथवाला घड्याळाकडे बघत बसतो. खोलीत पाणी किती वेळ येतं, कंपनीत दिवसभर प्रेसवर उभं राहून पाय दुखतात का, यातलं काही विचारून होत नाही. तुझे आप्पा शेजारीच उभे असतात. फोन हातात घेत नाहीत, पण ‘डबा कुठनं खाती, इचार. माझं नाव सांगू नको,’ म्हणत मला कोपरानं ढोसत राहतात. सात महिने मी त्यांचं नाव सांगितलं नाही. आता सांगितलं.

बातमी अशी की ट्रॅक्टर विकायचा ठरलाय. येत्या सोमवारी शिरूरचं गिऱ्हाईक बघायला येणार. मागचं अवजार उचलणाऱ्या लिफ्टचं दुखणं काही गेलं नाही. सकाळी थंड असताना रोटर बरा उचलते, दोन वाफे झाले की हिसके द्यायला लागते, मग नुसतं कण्हणं सुरू. तेल बघितलं तर ताकासारखं पांढरं, वर फेस. यवतच्या हौशीराम मिस्त्रीनं दोनदा तेल बदललं, पंप उतरवला, पुन्हा चढवला, आणि शेवटी ‘बबनराव, मशीनला नजर लागली बगा,’ म्हणून चहा पिऊन गेला. तुझ्या आप्पांना तेही पटलं! मी लिंबू-मिरची बांधली नाही म्हणून दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

तू दसऱ्याच्याच दिवशी सांगितलं होतंस. तेल बाहेर गळत नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं नसतं. पंप तेल ओढतो त्या गाळणीच्या बाजूला फट असली तर तेल बाहेर येत नाही, हवा आत शिरते. तेव्हा कुणी ऐकून घेतलं नाही. घरापुढं ट्रॅक्टर धुऊनपुसून, हार घालून उभा. वस्तीतली माणसं सोनं द्यायला आलेली. आप्पांनी मोठ्या ऐटीत लिफ्ट उचलून दाखवली, ती तीन हिसके देऊन धाडकन खाली आली. आणि सगळ्यांसमोर ते बोलून गेले, ‘पोरीच्या हातात पाना दिला, तितंच चुकलं माजं.’ ज्या माणसानं मी नको नको म्हणत असताना तुला आयटीआयला घातलं, तू पहिल्यांदा क्लच खोललास तेव्हा वस्तीभर सांगत फिरला, त्यानंच हे बोलावं? तू हात पुसलेस, पाना पेटीत ठेवलास आणि सगळ्यांना चहा दिलास. दिवाळीच्या चार दिवस आधी बॅग भरलीस.

तू गेल्यापासून घर मला खायला उठतं. हे एकदा स्पष्ट लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहिणं सोपं जाईल. भाकरी अजून एक जास्तच होते. तुझा ग्रीसचे डाग पडलेला पंजाबी ड्रेस मी धुतलेला नाही, उशीखाली ठेवलाय. शिरूरकडून येणारी एसटी फाट्यावर थांबली की आप्पा झेंडूच्या वाफ्यात कंबर सरळ करून उभे राहतात. कोण उतरलं ते बघतात आणि पुन्हा खाली वाकतात. तुझी पान्यांची पेटी ते दर आठवड्याला तेलाच्या फडक्यानं पुसतात. मी बघते हे त्यांना माहीत आहे.

मागच्या गुरुवारी आप्पा फुलं घेऊन बाजाराला गेले होते. घरात मी एकटीच. तू शिकवलं होतंस तसा गिअर न्यूट्रलला आहे ना बघितलं आणि ट्रॅक्टर सुरू केला. किल्ली फिरवताना डोळे गच्च मिटले, तू असतीस तर हसून हसून लोळली असतीस. मग तेलाच्या गाळणीच्या झाकणाभोवती, सांध्यावर, जाड ग्रीस फासलं. तू म्हणायचीस ना, ग्रीस लावल्यावर आवाज बसला तर हवा तिथूनच शिरतेय म्हणून. ज्ञानू, आवाज बसला. त्याचं कण्हणं थांबलं. मी तिथंच मातीत बसून रडले, कारण मला आधीपासून माहीत होतं.

आता खरं सांगते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तू ट्रॅक्टरखाली झोपून गाळणी बसवत होतीस आणि मी शेजारी हार ओवत होते. नवी रबरी रिंग तू कागदात गुंडाळून ठेवली होतीस. तो कागद मीच पाटीत फुलांखाली अंथरायला घेतला. तू खालून हात बाहेर काढलास, ‘आई, रिंग दे.’ मला रिंग सापडेना. रॉकेलच्या ताटलीत जुनी पडली होती, ती पदराला पुसली आणि तुझ्या हातात ठेवली. मला दोन्ही सारख्याच दिसल्या. माझ्या हातून आली म्हटल्यावर तू कशाला बघशील? तू न बघताच बसवलीस. तिसऱ्या दिवशी पाटीतली सुकलेली फुलं उकिरड्यावर टाकताना नवी रिंग तळाशी सापडली. तेव्हाच सांगायला हवं होतं. आप्पांची भीती वाटली, हे खरं. पण त्याहून वाईट म्हणजे मनात आलं, बरंच झालं, आता पोर पाना ठेवील, जवळच कुठंतरी स्थळ बघू, डोळ्यांसमोर राहील. म्हणून ती रिंग शिवणाच्या डब्यात बटणांखाली दडवली. तुला जवळ ठेवायला गेले आणि मीच तुला घराबाहेर काढलं.

आप्पांना मी अजून सांगितलेलं नाही. तुझ्या आधी त्यांना कळावं हे मला बरं वाटेना. दसऱ्याला सोनं द्यायला आलेल्या त्याच माणसांना येत्या रविवारी चहाला बोलावलंय. कशासाठी ते सांगितलं नाही. तू आलीस किंवा न आलीस, त्यांच्यासमोर मी सांगणार आहे, आणि मग आप्पा मला काय बोलायचं ते बोलोत. पण दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर जाईल, आणि तो जाण्याआधी तुझ्या हातून लिफ्ट एकदा नीट उचललेली सगळ्यांनी बघावी अशी माझी फार इच्छा आहे. रागवायचं असेल तर येऊन रागव, न जेवता बस, पण ये. नवी रिंग याच पाकिटात घातली आहे. या खेपेला माझ्या हातून घ्यायची नाहीस. आधी उजेडात नीट बघ, बोटानं दाबून बघ, मगच बसव.

तुझीच,
आई