समोर येऊन बोला

बाबा, तुम्हाला ऐकू यायचं नाही म्हणून मी लहानपणापासून तुमच्या समोर येऊनच बोलत आले. मागून हाक मारायची नाही, बाजूने पुटपुटायचं नाही, तोंडात घास असताना तर अजिबातच नाही. आता समोर यायची सोय राहिली नाही, म्हणून लिहायला बसले आहे. हे कुठे पाठवायचं नाही, तेवढी वेडी अजून झालेली नाही. पण कालपासून जीव थाऱ्यावर नाही. आत्ताच चहा ठेवला आणि उतू गेल्यावर आठवण झाली. ह्यांच्यापाशी काही बोलावं तर त्यांचं एकच उत्तर असतं, ‘सोडून दे नोकरी.’ नोकरी सोडायची असती तर एवढी तगमग कशाला झाली असती?

मी चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असते. तुमच्या माघारी लागलेली नोकरी आहे, म्हणून सांगते. फ्रेम दाखवायच्या, आरसा पुढे धरायचा, म्हातारी माणसं नाकावर चष्मा घेऊन भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागली की त्यांचा चेहरा पाहत राहायचं. आवडतं मला हे काम. मध्यंतरी एका तापानंतर माझेही कान अधू झाले. डॉक्टर म्हणाले, तुमच्या वडिलांचे भांडी ठोकण्याच्या आवाजाने गेले, याचा त्याच्याशी काही संबंध नाही. नसेल बुवा. मला आपलं वाटतं की घरातली वस्तू घरातच राहिली. कानात मशीन घालते आणि ते दिसू नये म्हणून केस मोकळे सोडते. समोरच्या माणसाचं तोंड दिसत असेल तर माझं भागतं. गर्दीत मात्र ते मशीन पंखा, बाहेरचे ऑटो आणि गिऱ्हाईक सगळ्यांनाच सारखं मोठं करतं, आणि फोनवर नुसती खरखर ऐकू येते. दुकानात हे कुणालाही माहीत नाही.

परवा एक गृहस्थ आले. त्यांचा चष्मा आमच्याकडे बनायला टाकलेला आहे. मान खाली, डोळे मोबाईलमध्ये. त्यांनी काहीतरी विचारलं असणार, कदाचित दोनदा विचारलं असणार. मी आपली शेजारच्या बाईंना फ्रेम दाखवायला वळले. त्याच दिवशी त्यांनी मोबाईलवर दुकानाच्या नावाखाली एकच तारा दिला आणि लिहिलं, ‘काउंटरवरची बाई उर्मट आहे. विचारलं तर तोंड फिरवून निघून जाते.’ काल मालकाने ते मला दाखवलं. मालक तुमच्या शेटजींसारखा नाही. तरुण आहे, शिकलेला आहे, हसून बोलतो. म्हणाला, “ताई, तुम्ही मुद्दाम नसन केलं, मले माहीत आहे. त्यांले एक फोन लावा, सॉरी म्हणा, विषय खतम.” फोन लावा! सगळ्या जगातलं नेमकं तेवढंच काम मला जमत नाही आणि त्याने नेमकं तेच सांगितलं. आज दिवसभर ‘करते, करते’ म्हणत टाळलं. निघताना तो म्हणाला, “उद्या सकाळी माह्यासमोरच लावून टाका.” त्यात वाईट काही नव्हतं, आणि मी पुन्हा ‘करते’ म्हणाले.

राग कुणावर काढू? शेजारच्या काउंटरवर एक जण आहे. त्याच्या गालात कायम तंबाखूचा खर्रा भरलेला असतो. गिऱ्हाइकाने किंमत विचारली की हनुवटीने पाटी दाखवतो. त्याचे कान चांगले आहेत, डोळे चांगले आहेत, तो जन्मतःच असा आहे. त्याला कुणी तारा दिला नाही. आणि गंमत पाहा, ज्या दुकानात मी लोकांना सांगते, चष्मा लपवू नका, चांगला ठसठशीत रंगाचा घ्या, तुम्हाला शोभतो, त्याच दुकानात मी कान झाकून उभी असते. मशीन घ्यायला गेले तेव्हा तिथल्या माणसाचा पहिला प्रश्न होता, ‘दिसणार नाही असं पाहिजे ना?’ मी पटकन हो म्हणाले. चष्मा घेताना असं कुणी विचारत नाही. मी तरी आजवर कुणाला विचारलं नाही.

हे सगळं सांगताना मला तुमचं भांड्यांचं दुकान दिसतं. पितळ ठोकून ठोकून तुमचे कान गेले आणि शेटजींनी तुम्हाला कारखान्यातून उचलून दुकानात आणलं, कारण तुमच्याइतकी भांड्याची पारख दुसऱ्या कुणाला नव्हती. आपल्याकडे लेकीच्या आंदणाला पाण्याचा पितळी गुंड घ्यायचा म्हणजे आधी तो वाजवून पाहायचा. घरातली सगळी बायामाणसं कान लावून बसायची आणि तुम्ही बोटाच्या पेराने टिचकी मारायचात. एक तळवा गुंडाच्या पोटाला टेकलेला असायचा. आवाज त्यांना ऐकू यायचा, तुम्हाला तो तळव्यात कळायचा. मग त्यांचे चेहरे पाहून तुम्ही मान डोलवायचात, जणू तुम्हीही ऐकलं. मला त्या डोलवण्याचं हसू यायचं. तेव्हा नुकता गोंदिया जिल्हा वेगळा झाला होता आणि शेटजी रोज एकच रडगाणं गायचे, की तिकडची माणसं आता कचेरीच्या कामाला भंडाऱ्यात येत नाहीत, बाजार बसला. आहे ते गिऱ्हाईक जाता कामा नये. त्यांनी तुम्हाला बजावलं होतं की कानाचं कुणाला कळू द्यायचं नाही. गुंड वाजवून देणारा माणूस बहिरा आहे म्हटल्यावर लोक हसत शेजारच्या दुकानात गेले असते.

तो दिवस. लग्नसराई, वरून वैशाखातलं ऊन. मी तुमचा डबा घेऊन आले आहे आणि परातींच्या चवडीपाशी उभी आहे. स्कूटरवरून एक जोडपं उतरतं. नवरा दारातच कुणाशी बोलत थांबतो, बाई आत येते. उन्हापायी डोळे तेवढे सोडून तिने सगळा चेहरा दुपट्ट्याने गुंडाळला आहे. ती काहीतरी विचारते. तुम्ही तिच्या चेहऱ्याकडे पाहता आणि तिथे पाहायला काहीच नाही. ती पुन्हा विचारते. तुम्ही कावरेबावरे होऊन स्वतःच्या तोंडावरून हात फिरवता आणि म्हणता, “तोंडावरचं काढा ना जी.” तुमचा आवाज तर नेहमीच एक पट्टी वर. सगळं दुकान वळून पाहतं. नवरा आत धावत येतो आणि तुमच्या शर्टाची कॉलर धरतो. “काय म्हणून राहिला रे? बाईमाणसाले तोंड दाखव म्हणते?” तुम्हाला त्यातलं काय कळलं देव जाणे, पण कॉलर कळली. मी तोंड उघडते, “बाबांना...” एवढंच माझ्या ओठांवर येतं. मी ते मोठ्याने म्हटलंच की नाही, मला आजही सांगता येणार नाही. पण तुम्ही ते वाचलंत आणि मान हलवलीत. नाही. मग शेटजी आले. त्यांना सगळं माहीत होतं. तेच म्हणाले, “हात जोड. माफी माग.” आणि तुम्ही हात जोडलेत. “चुकलं जी, वहिनी.” ती बाई बिचारी स्वतःच घाबरली होती. दुपट्टा सोडून ती नवऱ्याला म्हणत होती की जाऊ द्या. तोंड उघडं होतं तिचं. आता तुम्हाला तिचा शब्द न् शब्द कळत होता.

घरी आईने गॅसकडे तोंड करून रागाने कांदा परतायला घेतला. ती बोलत होती आणि तुम्ही तिच्या पाठीकडे पाहत होतात. शेवटी म्हणालात, “समोर येऊन बोल.” ती उलथणं हातात घेऊन वळली.

“काहून नाई सांगतलं? कान गेले म्हणून सांगाले काय झालं होतं?”

“सांगतलं असतं तं शेट उद्याच कारखान्यात बसवन ठोकाले.”

“मंग लोकं बदमाश म्हणतीन, ते चालते?”

“बदमाश माणूस दुकानात चालते,” तुम्ही म्हणालात. “बहिरा नाई चालत.”

एवढं बोलून तुम्ही जेवायला बसलात, आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांगितलंत. मला इतका संताप आला होता ना बाबा. अजूनही येतो. ज्या माणसाने उभ्या जन्मात कुणाच्या बायकोकडे मान वर करून पाहिलं नाही, त्याने भर बाजारात नको तो डाग लावून घेतला, आणि कशासाठी, तर कान धड आहेत असं दिसावं म्हणून. पुढे मी कॉलेजात जाऊ लागले तेव्हा माझ्यासाठी सुती दुपट्टा तुम्हीच आणलात. “बांधत जा, ऊन लागते. पण घरी आली का पहिले तोंड सोड, मले दिसलं पाहिजे.” मी तो बांधायचे आणि मनात म्हणायचे, मी असते तर सांगितलं असतं. ठणकावून सांगितलं असतं. तेव्हा माझे कान शाबूत होते.

आता मी आहे आणि माझ्याने सांगवत नाही. कारण तुमचं बरोबर होतं, निदान अर्धं तरी. उर्मट बाईला मालक समजावतो, गोड बोला म्हणतो. बहिऱ्या बाईला तो फार प्रेमाने म्हणेल, ताई, तुम्ही आत बसा, काचा बसवायचं काम शांत असते. तो तुच्छतेने म्हणणार नाही, काळजीनेच म्हणेल, आणि मग भांडायचं कुणाशी? मला आत बसायचं नाही. मला त्या म्हाताऱ्यांचे चेहरे पाहायचे आहेत. पण न केलेल्या माजाची माफीही मला मागायची नाही. तुम्ही मागितलीत, तेवढी एका घराला पुरे. सकाळपासून मनात वाक्य घोळवते आहे. फोन लाववणार नाही माझ्याने, मला ऐकू येत नाही. ते चष्मा न्यायला येतीलच, तेव्हा मी त्यांना सांगेन की समोर येऊन बोला, सगळं नीट कळतं. आणि काउंटर मी सोडणार नाही. एवढंच म्हणायचं आहे. आरशासमोर दहा वेळा जमतं आणि मालकाचा चेहरा आठवला की वाक्य अर्ध्यातच तुटतं. तुमच्यात धीर कमी होता असं मी इतकी वर्षं समजत होते. तुम्हाला केवढं भ्या वाटलं असेल त्या दुकानात, ते मला आता कळतं.

केस घट्ट बांधून जायचं मी रोज सकाळी ठरवते आणि दारातून निघताना मोकळे सोडते. म्हणून आज सुटल्यावर पार्लरमध्ये गेले आणि कानाच्या वर येतील एवढे आखूड कापून आले. कापणाऱ्या पोरीला मशीन दिसलं. तिने कात्री तेवढी जपून चालवली. आता उद्या लपवायला माझ्यापाशी काही नाही, बोलावंच लागेल. एवढी शूर झाले म्हणून तुम्हाला कळवणार होते. पण तुमच्याशी खोटं कसं बोलू? पार्लरपासून घरापर्यंत मी दुपट्टा गच्च गुंडाळून आले. संध्याकाळ झाली होती बाबा, ऊन कुठेच नव्हतं.