उमाअक्कांची वॉटर स्कूटर

२४ ऑगस्ट, रविवार
आज पुन्हा शिव्या खाल्ल्या! थोरल्या जाऊबाईंच्या — उमाअक्कांच्या. येलदरी धरणाच्या पाण्यावरच्या पर्यटकांच्या फेऱ्या संपल्या, आमची जुनी वॉटर स्कूटर बाहेर ओढली. आतून धुवायची म्हणून मी नळी जोडली अन् तोटी सोडली. इंजिन बंदच! अक्का तिकडून ओरडत आल्या — "त्रिवेणे, बंद कर! बुडवतीस का तिला?"

आधी इंजिन, मग पाणी. थांबवताना आधी पाणी बंद, मग इंजिन. न्हाईतर पाणी थेट इंजिनात. पण आमच्या घरात सडा म्हणा, लिंगपूजा म्हणा, समद्याला आधी पाणीच लागतं. हात आपसूक तोटीकडंच जाणार ना!

अक्कांनी बटणाला हात लावू दिला न्हाई. आत पाणी असताना चालू केली असती तर आतला रॉड वाकला असता म्हणे. प्लग काढले, इंजिन नुसतं फिरवलं — पिचकारी उडाली! मग तेलाचे थेंब सोडले. तोंडाचा पट्टा चालूच. पण हात काय बाई त्यांचे! बघतच राहिले मी.

२६ ऑगस्ट
सुरू झाली. हुश्श!

३१ ऑगस्ट, रविवार
विसर्जनाला कुणी बुडायला लागलं तर धावायला हीच एक गाडी. नागनाथभाऊजी म्हणाले, "मोडीत घाला ते खटारं. ऐन वेळी दगा देईल." अक्का नवऱ्याकडं न बघता म्हणाल्या, "तुमचे बी गुडघे वाजतात. तुमाला घातलं का मोडीत?"

मी पदरात तोंड खुपसून हसले. भाऊजी चहा टाकून उठून गेले.

३ सप्टेंबर
मध्येच पाण्यावर इंजिन केकाटायलं अन् गाडी जागची हलेना. मी असते तर आणखी रेस दिली असती. अक्कांनी तिथल्या तिथं बंद केली, होडीनं ओढून आणवली. खाली पाणी ओढायच्या जाळीत दीड दिवसाच्या गणपतीचे हार! दोरा आतल्या पंख्याला गच्च बसलेला. पाणी मिळालं न्हाई की इंजिन तापून जळतं. पातं घेऊन आडव्या झाल्या, एकेक धागा कापून काढला. कमरेचं दुखणं, पण हूं न्हाई की चूं न्हाई.

"म्हातारीला दामटायचं नसतं ग. कण्हली की थांबायचं."

लय भारी बाई हाय! मला अक्कांसारखं व्हायचंय. लिहिलं एकदाचं.

५ सप्टेंबर
ताजं पेट्रोल, नवे प्लग, दोनदा चालवून बघितली. अक्का म्हणाल्या, "उद्या तू चालीव. मी होडीतून हार गोळा करते, म्हणजे आत ओढले जायचे न्हाईत."

मी! एकटी!

६ सप्टेंबर
हार ओढता ओढता अक्का तोल जाऊन होडीतून पाण्यात पडल्या. अंगातलं तरंगायचं जाकीट मूर्ती धरणाऱ्या एका माणसाला देऊन बसल्या होत्या. काठावरचे हसले — अक्का गंमत करायल्या! मला बी तसंच वाटलं. दुसऱ्यांदा वर आल्या तेव्हा त्यांचे भेदरलेले डोळे दिसले. बटण दाबलं. एका दमात सुरू झाली. गेले, दंडाला धरून वर ओढलं.

काठावर मला घट्ट धरलं अन् कानात म्हणाल्या, "कुणाला सांगू नको. मला पवता येत न्हाई."