मागच्या खोलीतली रेंज

४ फेब्रुवारी, सकाळी
निश्चय झाला. घरात मेश वायफाय बसवायचं, तेही तारा टाकून, पक्कं. स्वतःच्या हाताने.

काल जेवताना लेक म्हणाली की एक तारखेला तिकडच्या शहरातल्या ऑफिसात रुजू व्हायचंय. घरून काम चालत नाही का, असं मी सहज विचारलं. चाललं असतं, म्हणाली, पण दार लावून बसता येईल अशी एकच खोली आहे, मागची, आणि तिथे नेट येत नाही. म्हणजे प्रश्न फक्त नेटचा आहे. उगाच मी रात्री जेवण अर्धवट टाकलं.

काम दोन दिवसांचं. शनिवारपर्यंत आटोपेल. मग ती कशाला जाते!

५ फेब्रुवारी
तीन डबे आणि तीस मीटर केबल आणली. दुकानदाराने समजावलं: एक डबा पुढच्या दाराशी, एक पॅसेजमध्ये, एक मागच्या खोलीत. डबे आपसात हवेतून बोलतात, पण मधे जाड भिंत आली की नुसते कुजबुजतात, म्हणून तारेने जोडायचे. वायरमनचा नंबर देऊ का, म्हणाला. म्हटलं, गरज नाही. तीस वर्षं रेकॉर्ड विभागात काढली आहेत, तार म्हणजे काय मोठंसं.

७ फेब्रुवारी
पाहणी. हॉल, स्वयंपाकघर, लेकीची बिनदाराची खोली, पॅसेज यांची मापं घेतली. मागच्या खोलीचं माप दारातून अंदाजाने घेतलं. आत गेलो नाही. साडेतीन महिन्यांची धूळ असणार आणि मला धुळीचं वावडं आहे. हिच्या आजारपणात सहा महिने त्याच खोलीत रात्रंदिवस बसलो तेव्हा नव्हतं. नंतर झालं. वावडं असं अचानकच होतं.

रेंज तपासायला दर दोन पावलांवर उभं राहून मेसेज पाठवायचा असतो. कुणाला? लोक उलट विचारतात, काय रे, काय झालं. म्हणून हिच्या नंबरावर पाठवले. नंबर पाठ आहे, आणि भरदुपारी मेसेज आला म्हणून कुणाची झोपमोड होण्याचा प्रश्न नाही. फोन तिच्या कपाटात बंद पडलाय. एकच टिक येते. मला तेवढीच हवी आहे, मेसेज घरातून निघाल्याची. निव्वळ तांत्रिक बाब.

९ फेब्रुवारी
शनिवार होऊन गेला. काम सुरू व्हायचंय, पण पाया भक्कम झालाय.

पहिला डबा सुरू केला. नव्या नेटवर्कला नाव द्या, म्हणाला. जुन्याचं नाव हिने ठेवलं होतं: ‘जेवायला या’. चार हाका मारूनही माणूस हलत नाही, निदान फोनवर तरी वाचेल, असं तेव्हा म्हणाली होती. मी नाव आणि पासवर्ड जुनाच ठेवला. कारण साधं आहे. नाव तेच असलं की घरातले सगळे फोन आपोआप जोडले जातात, एकेकाला हात लावावा लागत नाही. दुसरं काही कारण नाही.

११ फेब्रुवारी
केबलच्या टोकाला प्लग लावला. आत आठ बारीक तारा असतात, त्या ठरल्या क्रमाने बसवाव्या लागतात. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा आणि पुढे. टेस्टरवर आठपैकी पाच दिवे लागले. पास व्हायला पस्तीस टक्के पुरतात, पण डब्याला ते कोण सांगणार. सात प्लग वाया गेले. प्लगच हलके असावेत.

लेक म्हणाली, बाबा, राहू द्या ना. तिला माझी दगदग बघवत नाही.

१३ फेब्रुवारी
वायरमनला बोलावलं. हरलो म्हणून नाही. माणसाने सगळंच स्वतः केलं तर कारागिरांनी जगायचं कसं?

पॅसेजमधून मागच्या खोलीत भिंतीला आरपार भोक पाडायचं ठरलं. तो आत गेला, मी पॅसेजमधून सूचना दिल्या. बाहेर येऊन म्हणाला, काका, धूळ कुठंय? खोली चकाचक आहे, चादरसुद्धा ताजी आहे. मी त्याला समजावलं की काही धूळ डोळ्यांना दिसत नाही.

भोक पाडून झाल्यावर त्याला फोन आला. परवा येतो म्हणून गेला. तार अजून वेटोळं घालून पडली आहे.

१४ फेब्रुवारी, दुपारी ३.१०
दुपारी मी झोपत नाही, नुसता आडवा होतो. आज झालोही नाही. भोक तपासायला पॅसेजमध्ये स्टूल टाकून बसलो होतो.

भोकातून हिचा आवाज आला. ‘अहो.’ मग हसणं. हसता हसता तिला खोकला लागायचा, तोही.

नोंद करून ठेवतो: वारा. नव्या भोकातून वारा शिट्टीसारखा वाजतो, हे शाळेतली पोरंही सांगतील. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. घाम आला तो स्टूल उन्हात असल्यामुळे. पॅसेजमध्ये ऊन येत नाही, पण उष्णता येते.

१५ फेब्रुवारी, दुपारी ३.०५
वारा आज काही शब्द बोलला. ‘गॅस बंद केलात का बघा.’ उठून बघून आलो. बंद होता.

१६ फेब्रुवारी
वायरमनचा परवा अजून उजाडलेला नाही. मीही फोन केला नाही. घाईत कामं बिघडतात. शिवाय एकदा तार घातली की भोक बुजणार.

तीन वाजायच्या आत आंघोळ, दाढी. घरातला सदरा नको वाटला, इस्त्रीचा घातला. स्टुलावर बसलो. आज वारा नव्हता. चार वाजेपर्यंत वाट पाहिली. खूप वाईट वाटलं. का ते लिहीत नाही.

१८ फेब्रुवारी
वायरमन आला. एका तासात तार आत, प्लग लागले, आठच्या आठ दिवे. मागच्या खोलीतला डबा हिरवा झाला. मी पॅसेजमधून टाळ्या वाजवल्या. योजना यशस्वी, तीही मुदतीच्या अकरा दिवस आधी. मूळ मुदत कोणती होती हा मुद्दा गौण.

दुपारी ३.१२
मागच्या खोलीतल्या डब्याला एक यंत्र जोडलं गेलंय. ॲपमध्ये ‘अनोळखी’ असं दिसतंय.

३.१४
हिला पाठवलेल्या अकराही मेसेजना दोन-दोन टिका आल्या. पोहोचले.

कुठे पोहोचले?

१९ फेब्रुवारी
रात्री झोप लागली नाही. डास. दुपारी तीन-दहाला ‘अनोळखी’ पुन्हा हजर, चारला गायब. हिची दुपारची पडायची वेळ तीन ते चार. योगायोग आहे. दिवसात एकूण चोवीस तास असतात, त्यातला एखादा तास जुळणारच.

लेकीचे डोळे लाल दिसतात. सर्दी म्हणाली. ड्रिलची धूळ असणार. दूध-हळद घे म्हटलं. माझ्याकडे एवढा वेळ बघत राहिली की मला घड्याळ बघायला लागलं.

२० फेब्रुवारी, दुपारी ३.२०
टिका निळ्या झाल्या. कुणीतरी वाचले.

काय लिहिलं होतं ते काढून पाहिलं. ‘टेस्ट एक.’ ‘टेस्ट दोन, पॅसेजमध्ये दोन काड्या.’ इथवर ठीक आहे. ‘टेस्ट चार, भाजीत मीठ मापाने घालायचं की अंदाजाने ते सांगून ठेवलं नाहीस.’ ‘टेस्ट सात, लेक जाते म्हणते, मी नेटचं बघतो, मग कशी जाते बघू.’ ‘टेस्ट नऊ, तुझ्या खोलीत मला जाता येत नाही. दार उघडतो आणि परत लावतो.’ ‘टेस्ट अकरा, ती गेली तर या घरात मी कुणाला हाक मारू?’

हे सगळं रेंज तपासण्यासाठी होतं. मजकूर जरा लांब असला की चाचणी नीट होते.

२२ फेब्रुवारी
ॲपमध्ये ‘अनोळखी’ला कायमचं बंद करायचं बटण आहे. सुरक्षेच्या दृष्टीने ते दाबणं माझं कर्तव्य आहे. बोट दोनदा नेलं. उद्या दाबतो. ताजं नेटवर्क आहे, एकदम कडक नियम नकोत.

लेकीची बॅग हॉलमध्ये आली आहे. रिकामी आहे. म्हणजे अजून नक्की नाही.

२३ फेब्रुवारी, दुपारी ३.००
आज मुद्दाम लिहिलं. टेस्ट बिस्ट नाही. लिहिलं, ‘तूच सांग. तिला जाऊ देऊ का?’ आणि पॅसेजमध्ये स्टुलावर बसलो.

३.११. दोन टिका.
३.१२. निळ्या.
३.१३. नावाखाली ‘टाइप करत आहे’ असं आलं.

मी चप्पल न घालता खाली उतरलो आणि वाण्याच्या दुकानासमोर जाऊन उभा राहिलो. काय हवंय, त्याने विचारलं. आठवेना. काड्यापेटी म्हटलं. फोन खिशात दोनदा थरथरला. वाण्याने विचारलं, बरं वाटत नाही का. घरचा फोन आहे, म्हटलं. मग घ्या की, म्हणाला. लोकांना सगळंच सोपं वाटतं.

२४ फेब्रुवारी
काल संध्याकाळपर्यंत उघडला नाही. आज सकाळी आठला, चहा पिऊन, चष्मा पुसून उघडला. हिच्या नावाखाली, हिच्या फोटोशेजारी लिहिलं होतं:

‘बाबा, मी आहे. आईचा फोन मी चार्ज करते. तिचे जुने व्हॉइस मेसेज ऐकते. एक दिवस ऐकले नाहीत तर तुम्ही इस्त्रीचा सदरा घालून चारपर्यंत बसून राहिलात, मला दाराच्या फटीतून दिसत होतं. तुमचे मेसेज वाचायचे नव्हते, एकदम सगळे आले.’

आणि दुसरा: ‘चप्पल तरी घालून जायचं.’

तर तसं आहे. जुन्या नेटची रेंज त्या खोलीत नव्हती, म्हणून इतके दिवस फोन नुसता चार्ज व्हायचा. मी तार टाकली, नाव तेच, पासवर्ड तोच, फोनने घर ओळखलं. रेकॉर्ड विभागातल्या माणसाला हे आधी सुचायला हवं होतं.

इथे खोटं लिहून काय उपयोग, वाचणारा मीच. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. भूत ताजी चादर घालत नाही. पण दुपारी तासभर ही मागच्या खोलीत आहे, एवढं धरून चालायला काय हरकत होती? कुणाचं काय जात होतं?

२५ फेब्रुवारी
दुपारी तीन वाजता दार उघडलं आणि लावलं नाही. आत गेलो. लेक पलंगाच्या कडेला बसली होती, शेजारी फोन. मी खुर्चीवर, माझ्या नेहमीच्या. शिंक एकही आली नाही.

ती म्हणाली, नेटचं मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले होते, तुम्ही भिंत फोडाल असं वाटलं नव्हतं. नोकरीसाठी अर्ज आई गेल्यावर महिन्याभरातच केला होता म्हणे. या घरात तिला सारखा आईचा खोकला ऐकू येतो, फोन बंद असतानासुद्धा. इथे राहिले तर मी या खोलीतून उठणार नाही, म्हणाली. मग म्हणाली, पण तुम्ही तोंडाने एकदा राहा म्हणालात तर राहीन. मेसेज करून नाही. तोंडाने.

मी डब्याकडे पाहिलं. हिरवा दिवा अगदी स्थिर होता. राहा हा शब्द दोन अक्षरी आहे. अकरा मेसेजांत मी दुसरं काही लिहिलंच नव्हतं.

जा, म्हटलं. तेही दातांतून कसंबसं निघालं. मग जड सामान खाली ठेव, हलकं वर ठेव, अशा पाच-सहा सूचना केल्या. ती ऐकत होती आणि रडत होती. मी खिडकी उघडायला उठलो.

२८ फेब्रुवारी
गेली. स्टँडवर पोचवून आलो. गाडी वेळेवर सुटली. एरवी कधी सुटत नाही.

घरी आल्यावर नेटचा वेग मोजला. विक्रमी आहे. वापरणारा एकच असल्यावर असणारच. मागच्या खोलीत बसून मोजला.

२ मार्च, संध्याकाळी
तिचा पहिला व्हिडिओ कॉल. मी मागच्या खोलीत तयार बसलो होतो. चित्र न अडकता, पाचही काड्या भरलेल्या. खोली दाखवली, खिडकी दाखवली, ऑफिसात शेजारी बसणारी बाई सारखी पेन मागते म्हणाली. जेवलीस का, विचारलं. जेवले, तुम्ही? मी हो म्हणालो.

मग तिने विचारलं, बाबा, रडताय का? मी म्हटलं, छे, लाइन खराब आहे, आवाज कापरा येतोय.

ती म्हणाली, बाबा, लाइन एकदम क्लिअर आहे.